अडून बसलेला घरमालक

मैत्रिणींनो, जुना फ्लॅट विकणारा किमतीवर अडून बसला की आपण घराच्या खोड्या काढायला लागतो: ओल आहे, स्वयंपाकघर अंधारं आहे. माझ्या मते इथेच बोलणं फिसकटतं. ज्या घरात त्यांचा संसार झाला, त्याला नावं ठेवली की माणूस आणखी हट्टाला पेटतो.

त्यापेक्षा कागद बोलू द्या. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर 'सूची २' पाहता येते. त्याच इमारतीतला फ्लॅट नोंदणीत कितीला गेला, तो आकडा शांतपणे पुढे ठेवा. तरीही रक्कम हलली नाही तर बाकीचं मागा: सोसायटीची थकबाकी त्यांनी भरावी, ट्रान्सफर फी निम्मी-निम्मी, कपाटं तशीच राहावीत. त्यांना घर सोडायला दोन महिने हवे असतील तर द्या; सवडीलाही मोल असतं.

एक मात्र ऐकू नका: "थोडे रोख द्या, कमी करतो." घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रोखीने घेणं कायद्याला मान्य नाही, आणि खोट्या आकड्यावर संसार मांडू नये.

आपला शेवटचा आकडा घरूनच ठरवून निघा. त्याच्या आत जमलं नाही, तर चहा संपवून, नमस्कार करून उठा. पुष्कळदा फोन त्यांचाच येतो. नाही आला तरी आपली झोप शाबूत राहते.