रेशोला तारीख नसते, पगाराला असते!



हल्ली एक प्रश्न सारखा येतो: "सर, वालीवला गाळा आहे, करंट खात्यात चार-पाच लाख पडून असतात. पेअर ट्रेड करू का? बाजार वर जावो की खाली, त्यात रिस्क नसते ना?"

माझं मत स्पष्ट आहे. धंद्याच्या खेळत्या भांडवलातून पेअर ट्रेड नको. का, ते आकड्यांतच बघू.

आधी पद्धत. निफ्टी आयटीला बँक निफ्टीने भागायचं, येईल तो रेशो. त्याच्या चार्टवर मूव्हिंग ॲव्हरेज आणि बोलिंजर बँड लावायचे. रेशो वरच्या बँडबाहेर गेला, म्हणजे बँकांच्या मानाने आयटी महाग झालं. मग आयटी विकायचं, बँका घ्यायच्या आणि रेशो सरासरीकडे परतायची वाट बघायची. अख्खा बाजार पडला तरी एका बाजूचा तोटा दुसरी बाजू भरून काढेल, हा हिशोब. कल्पना चांगलीच आहे.

आता २०२० घ्या. त्या वर्षी निफ्टी आयटी सुमारे ५५ टक्के वाढला, बँक निफ्टी जवळपास ३ टक्के घसरला. रेशो चांगलाच ताणलेला. समजा, वर्षअखेरीस कुणी १० लाखांचं आयटी विकलं आणि १० लाखांच्या बँका घेतल्या. २०२१ मध्ये आयटी आणखी जवळपास ६० टक्के वर गेला, बँका साधारण १३ टक्के. आयटीत ६ लाख गेले, बँकांत १.३ लाख आले. तोटा ४.७ लाख! आणि २०२२ मध्ये? आयटी सुमारे २६ टक्के खाली, बँका २१ टक्के वर. अंदाज खरा ठरला, पण वर्षभर उशिरा.

ते वर्ष काढायचं कसं? शॉर्ट रात्रभर ठेवायचा तर व्यवहारात फ्युचर्सच लागतात. तिथे तोटा रोजच्या रोज खात्यातून वळता होतो, दर महिन्याला रोलओव्हरचा खर्च वेगळा. स्टॉप लॉस लावला असता तर तोटा आटोक्यात राहिला असता, हे खरं. पण मग २०२२ चा फायदाही हातात नव्हता.

आणि तुमचे पैसे थांबू शकतात का? ७ तारखेला कामगारांचा पगार, २० तारखेला जीएसटी, मध्येच कच्च्या मालाचा चेक. "रेशो अजून परतला नाही" असं सांगून पगार पुढे ढकलता येत नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ मध्ये एफ अँड ओमध्ये ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते, सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. छोट्या गाळ्याचं दोन-तीन महिन्यांचं भाडं-पगार त्यात जातं.

मग रेशो शिकायचाच नाही का? जरूर शिका. धंद्यापासून वेगळी, पाच वर्षं हात न लावायची बचत असेल, तर या महिन्यात आयटीचा ईटीएफ जास्त घ्यायचा की बँकांचा, हे ठरवायला तो कामाला येतो. शॉर्ट नाही, मार्जिन नाही, उसने पैसे नाहीत.

आणि गाळ्यात बसून एक रेशो दर महिन्याला काढाच: येणी भागिले महिन्याची विक्री. तो ताणला तर वाट बघत बसायची गरज नाही. फोन उचला आणि वसुलीला लागा!

तुमचा रेशो किती आला, कमेंटमध्ये नक्की लिहा.