साठवणाऱ्याला चोर म्हणण्याआधी

‘सगळं आता मोबाइलवर मिळतं, साठवून काय करायचंय?’ असं विचारणारा माणूस बहुतेक वेळा शहरात राहतो, त्याच्या घरी वायफाय असतं आणि त्याला हवे असलेले चित्रपट गेल्या पाच-सात वर्षांतले असतात. दुसरा एक गृहस्थ असतो, तो विचारत बसत नाही, थेट निकाल देतो: हार्ड डिस्कवर शेकड्यांनी चित्रपट आहेत म्हणजे चोरीचा माल. ही दोन माणसं एकमेकांच्या विरुद्ध बाजूची वाटतात, पण दोघांचा समज एकच आहे. चित्रपट कुठेतरी नीट ठेवलेले आहेत, ते जपणारं कुणीतरी आहे, आणि आपण फक्त दार ठोठवायचं किंवा ठोठवायचं नाही, एवढाच प्रश्न आहे, असं दोघंही धरून चालतात. माझं भांडण या समजाशी आहे.

मी मासवणला राहतो. पालघरहून मनोरला निघालात की वाघोबा खिंडीच्या अलीकडे पालघर संपतं आणि पलीकडे सूर्या नदीच्या अंगाला आमचं गाव येतं. थिएटरात जायचं तर दुपारचाच खेळ धरावा लागतो, कारण रात्रीच्या खेळानंतर परत आणणारी एसटी नसते, आणि मराठी चित्रपट लागलाच तर आठवडाभरात उतरतो. माझ्याकडे आज ९००च्या आसपास चित्रपट आहेत, त्यातले ३५० मराठी. ते कसे जमले हे आधी सांगतो, कारण भांडणाचं मूळ त्या ‘कसे’मध्येच आहे.

२००७च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली. तोवर असली सीडी शंभर-दीडशेच्या पुढे आणि रस्त्यावरची नकली तीस-चाळीसला, असा हिशेब होता. बोईसरच्या बाजारात माणसं फूटपाथवरची चोरटी सीडी घेत, कारण कारखान्यात बारा तास उभं राहणाऱ्याला दुसरं परवडतच नव्हतं. भाव खाली आला तशी तीच माणसं पाकीटबंद, छापील कव्हरची सीडी घरी नेऊ लागली. ज्यांना ‘लोकांना फुकटच हवं असतं’ हे वाक्य आवडतं, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. लोकांना परवडणारं हवं असतं. ते मिळालं तेव्हा त्यांनी पैसे दिले.

पुढे पेन ड्राइव्ह आले, स्वस्त डेटा आला, घराघरांतले प्लेअर बंद पडले. मोझर बेअरही २०१८मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून मोडीत निघाली. त्या सीड्या मात्र राहिल्या. तारापूर एमआयडीसीतला कामगार खोली बदलतो, गावी परततो, तेव्हा डबीभर सीड्या भंगारात जातात. व्हिडिओ लायब्ररी बंद होते, तिचा माल पोत्यात भरून जातो. मी भंगारवाल्याकडून सरासरी दहा रुपयांना एक चित्रपट घेतो. व्हीसीडीची प्रत काढायला काही विशेष लागत नाही. आतल्या फोल्डरमधली मोठी फाइल कॉम्प्युटरवर उतरवायची, झालं. एका चित्रपटाच्या दोन, कधी तीन तबकड्या, मिळून सव्वा-दीड जीबी. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे मोठ्या टीव्हीवर माणसांची तोंडं धुवट दिसतात, हे कबूल. डीव्हीडीवरचं चित्र त्याहून कितीतरी चांगलं. हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरने आवळलं की तेही दीड जीबीत बसतं. किनाऱ्याकडची दमट हवा तबकडीला बुरशी आणते. ओल्या मऊ कापडाने मधून कडेकडे पुसावी, गोल फिरवून पुसू नये. गोल ओरखडा वाचणाऱ्या सुईला फार नडतो. (ती सुई नसते, लेझर असतो, पण आमच्याकडे सगळे सुईच म्हणतात.)

खर्च असा. २ टीबीच्या दोन डिस्क, कारण एक प्रत म्हणजे शून्य प्रत. प्रत्येकी ६,००० धरा. बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह १,२००. भंगारातले ७५० चित्रपट, ७,५०० रुपये. उरलेले दीडशे फुकट आणि तेही कायद्याने. सगळं मिळून एकवीस हजारांच्या आत, चित्रपटामागे २३ रुपये. हे नऊ वर्षांत झालं. नोकरदार माणूस याहून जास्त पैसे दोन वर्षांच्या ओटीटीत घालतो आणि शेवटी त्याच्या हातात पासवर्ड उरतो.

ते फुकटचे दीडशे कुठून आले? आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६०पर्यंत प्रदर्शित झालेला प्रत्येक भारतीय चित्रपट आज मोकळा आहे, आणि दरवर्षी १ जानेवारीला आणखी एका वर्षाचे चित्रपट मोकळे होतात. ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’, ‘रामजोशी’, ‘श्यामची आई’, ‘सांगत्ये ऐका’ हे सगळे त्यात आले. (गाण्यांच्या शब्दांचा आणि चालींचा हक्क वेगळा मोजला जातो, तो गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. घरात बसून पाहणाऱ्याला त्याची अडचण नाही.) मराठीतला एवढा मोठा ठेवा आपल्या सगळ्यांच्या मालकीचा झालाय, हे किती मराठी माणसांना ठाऊक आहे? शाळेत कुणी सांगत नाही, आणि सरकारने त्याची स्वच्छ प्रत काढून गावोगावच्या वाचनालयांत ठेवल्याचंही माझ्या पाहण्यात नाही.

विकत घेतलेल्या तबकडीची स्वतःसाठी प्रत काढणं ही चोरी आहे का? कायद्याच्या कलम ५२मध्ये खासगी वापरासाठी रास्त वापराची मुभा आहे, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर ती चित्रपटांनाही लागू आहे. पूर्ण चित्रपटाची प्रत ‘रास्त’ ठरते का, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. माझं मत असं की, ज्या वस्तूचे पैसे एकदा दिले गेले आहेत, जी बाजारात पुन्हा मिळत नाही आणि जी माझ्या डोळ्यांदेखत बुरशीने खाल्ली जात आहे, तिची प्रत काढून ठेवणाऱ्याला चोर म्हणणं हा भाषेचा गैरवापर आहे.

चोर कोण, हेही सांगतो, कारण मला गोलमाल आवडत नाही. थिएटरात चालू असलेला चित्रपट कॅमेऱ्यात पकडून दुसऱ्या दिवशी टेलिग्रामवर सोडणारा चोर आहे. २०२३च्या दुरुस्तीने त्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपासून पुढे दंड ठेवला, त्याबद्दल मला हळहळ नाही. मराठी निर्मात्याचा पहिला आठवडा बुडवणारा माणूस मराठी सिनेमाचा प्रेमी असूच शकत नाही, त्याने डिस्कवर कितीही टीबी भरून ठेवले तरी. मेमरी कार्डात पन्नास रुपयांत भोजपुरी चित्रपट भरून देणाऱ्या दुकानाचंही मी समर्थन करत नाही. पण त्या दुकानापुढे उभ्या राहणाऱ्या पाळीच्या कामगाराला, जो आठ जणांच्या खोलीत राहतो आणि ज्याचं सिम महिन्याच्या शेवटी आटतं, आपण कोणता सरळ रस्ता ठेवला होता? एकच होता, २८ रुपयांचा. तो बंद झाला आणि त्याच्या जागी दुसरा कुणी काढला नाही.

आता ‘सगळं मिळतं’वाल्यांकडे वळू. मार्च २०२३ संपला तेव्हा एचबीओच्या मालिका भारतातल्या हॉटस्टारवरून गेल्या. जानेवारी २०२४मध्ये ‘अन्नपूर्णी’ हा तमिळ चित्रपट तक्रारींनंतर नेटफ्लिक्सवरून काढला गेला. पहिल्यात करार संपला, दुसऱ्यात दबाव आला. बघणाऱ्याच्या दृष्टीने फरक काहीच नाही, काल होतं ते आज नाही. यात कुणी कायदा मोडला असंही नाही. भाड्याची वस्तू मालक परत नेतो. मुद्दा एवढाच की भाड्याच्या वस्तूला संग्रह म्हणू नये. आणि हे झालं मोठ्या नावांचं. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या थिएटरांत चाललेले, ना गाजलेले ना पुरस्कार मिळालेले शेकडो मराठी चित्रपट मुळात या ॲपांवर चढलेच नाहीत, तर उतरणार कुठून? माझ्या ३५० मराठी चित्रपटांपैकी कितीतरींची नावं शोधून पाहिली. तिथे फक्त एखादं गाणं सापडतं, तेही कुणाच्या तरी कॅसेटवरून घेतलेलं.

आम्हा मासवणकरांना हे समजायला फार डोकं लागत नाही. सूर्येचं पाणी आमच्या गावातून पंपाने उचललं जातं, धुकटणला शुद्ध होतं आणि वसई-विरारला जातं. नदी दारात असली म्हणजे पाणी घरात असतं असं नाही. ज्या घरात नळ ठरलेल्या वेळी येतो, त्या घरातल्या बाईला ‘भरून कशाला ठेवतेस, उद्या येईलच की’ असं सांगून बघा.

पण सरकारी अभिलेखागार आहे ना? आहे, आणि त्याचे उपकारही मोठे आहेत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४मध्ये पुण्यात सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी आयुष्य घालून ते उभं केलं. त्यांची रीत काय होती? माणसांच्या दारी जाणं. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांतलं जे आज दिसतं, त्यातला काही भाग नायरांनी फाळके कुटुंबाकडून मिळवला, म्हणजे घरात पडून राहिलेल्या डब्यांमधून. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी दोनच आपल्या हाती आहेत. भारतात तेराशेच्या वर मूकपट झाले, त्यातले तीसच्या आसपास उरले, आणि त्यातही बऱ्याचशांचे तुकडेच. १९४८च्या दंगलीत कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ जळला. ८ जानेवारी २००३ला पुण्यात, जिथे एकेकाळी प्रभात कंपनी होती त्याच आवारात, नायट्रेट रिळांच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या काळच्या मूळ फिल्म्स गेल्या. इतर ठिकाणी प्रती होत्या म्हणून ‘संत तुकाराम’ आपण आजही पाहू शकतो. तिकडे इंग्लंडात बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत ‘डॉक्टर हू’चे कितीतरी भाग टेप वाचवण्यासाठी पुसून टाकले. आज त्या हरवलेल्या सगळ्या भागांचा निदान आवाज शिल्लक आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवला होता. त्यांना तेव्हा कुणी संग्राहक म्हटलं नसेल.

आमच्या भागाची गोष्ट तर याहून नाजूक आहे. तारप्याचा नाच, धवलेरीची लग्नगाणी, गौरीनाच यांच्या व्हीसीडी एकेकाळी डहाणू-बोईसरच्या बाजारात मिळत. गावच्या पोरांनी भाड्याच्या कॅमेऱ्यावर काढलेल्या, कव्हरवर फोन नंबर, आत बोलीतले विनोद. ना सेन्सॉरचं प्रमाणपत्र, ना कंपनी. त्यांच्या मूळ टेपा कुठे आहेत ते काढणाऱ्यांनाही माहीत नाही. माझ्याकडे अशा चाळीसेक आहेत, त्यातल्या सहा वाचतच नाहीत. पुण्याहून कुणी त्यांच्यासाठी खिंड ओलांडून येणार नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे: हे काम वाचनालयांना करू द्या. महाराष्ट्रात १९६७पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, लहानलहान गावांत अनुदानित वाचनालयं आहेत. पुस्तक छापलं की प्रकाशकाने त्याच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना पाठवायच्या, हा नियम १९५४पासून आहे. चित्रपटाला तसं बंधन नाही. वर गंमत अशी की, २०१२च्या दुरुस्तीने सार्वजनिक वाचनालयाला जपणुकीसाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा दिली, पण मूळ प्रत ‘बिगर-डिजिटल’ असेल तरच. म्हणजे वाचनालयाकडे व्हीएचएस कॅसेट असेल तर ठीक, व्हीसीडी असेल तर ती आधीच डिजिटल म्हणून शब्दशः नियमात बसत नाही! भंगारात जाणारा अख्खा काळ या एका शब्दामुळे दाराबाहेर राहिला. तो शब्द काढायला किती वेळ लागेल?

आणि जनतेच्या पैशाचं काय? राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं, अ दर्जाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख. द्यावं, वाढवावं, माझी तक्रार नाही. पण अनुदान घेतलेल्या चित्रपटाची एक प्रत पाच वर्षांनी, त्याची कमाई संपल्यावर, जिल्ह्याच्या ग्रंथालयात यावी, एवढी अट घालायला कुणाचं काय जातं? ज्याचा खर्च मासवणच्या माणसानेही तेलावरच्या करातून उचलला, तो चित्रपट त्याला कुठल्याच दुकानात, ॲपवर, वाचनालयात मिळत नाही, आणि त्याने भंगारातून दहा रुपयांना आणला की मात्र त्याला प्रामाणिकपणाचा पाठ ऐकावा लागतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो की, वाचनालयाकडे पुस्तकांना पैसे नाहीत, चित्रपट कुठून ठेवणार? दोन डिस्क, एक ड्राइव्ह, १३,२०० रुपये. एक जुना कॉम्प्युटर बहुतेक वाचनालयांत धूळ खात असतोच. भंगारवाला मी दाखवतो, पण पावसाळ्याआधी यावं लागेल, कारण त्याची पोती उघड्यावर असतात.