गळकी पाइपलाइन आणि चातुर्मासाची सबब



"चातुर्मासात जमीन खणायची नाही. गळू दे, कार्तिकानंतर बघू." हे वाक्य या आषाढात मी आमच्याच घरात चार जणांच्या तोंडून ऐकलं. चौघंही पाणी गाळल्याशिवाय तोंडाला न लावणारे. म्हणून आज जरा स्पष्ट लिहिते. कुणाला राग आला तर आधीच उत्तम क्षमा.

विषय आमच्या मळ्यातल्या घराच्या पोहण्याच्या तलावाचा. तो बांधू नये म्हणून मी तेव्हा भांडले होते आणि हरले होते. मामंजींच्या गुडघ्यांना पाण्यातला व्यायाम सांगितला आणि विषय संपला. पण बांधलाय आपणच, तेव्हा त्याचं पाणीही आपल्याच खात्यावर.

उन्हाळाभर पातळी उतरत होती. "ऊन आहे, वाफ होते," म्हणत रोज नळी सोडली जायची. पाऊस लागला आणि पाणी 'थांबलं'. थांबलं कसलं! वरून पाऊस भरत होता, खालून जमीन पीत होती.

मी उघडीप बघून तलावाच्या पायरीवर एक बादली ठेवली. तिच्यात तलावाचंच पाणी भरलं आणि आतल्या-बाहेरच्या पातळीवर खूण केली. वाफ दोन्हीकडून सारखीच होणार ना? चोवीस तासांनी बादलीतलं पाणी 4 मिलिमीटर उतरलं होतं, तलावातलं 19. वरचे 15 मिलिमीटर ही गळती. 8 मीटर बाय 4 मीटरच्या तलावात ती होते दिवसाला 480 लिटर. चातुर्मासाचे चार महिने थांबायचं तर 57,600 लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर जवळजवळ सहा.

हे ऐकूनही उत्तर तेच: "पण खणण्यात हिंसा आहे."

आहे. मी कुठं नाही म्हणते? पण पाण्यातही जीव आहेत हे आपणच मुलांना शिकवतो ना? गाळलेलं पाणी दोन घटिकाच चालतं म्हणतो. गाळल्यावर फडक्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडतो, त्याला जिवाणी म्हणतो. आणि इथं क्लोरीन घातलेलं पाणी रात्रंदिवस मातीत जातंय, तिथल्या गांडुळांची जिवाणी कोण करणार?

समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचा एक प्रकार सांगितलाय, प्रमादचर्या. त्यात निष्कारण जमीन खणणं आणि निष्कारण पाणी सांडणं शेजारी-शेजारी येतात. आमच्या घरानं त्यातली जमीन तेवढी उचलली आणि पाणी सोडून दिलं, कारण खड्डा डोळ्यांना दिसतो आणि गळती दिसत नाही. आणि 'निष्कारण' हा शब्द तर कुणी वाचलाच नाही. गळती बंद करायला खणलेला एक खड्डा निष्कारण कसा? निष्कारण आहे ती रोजची नळी.

खणण्याची भीती मात्र अगदीच खोटी नव्हती. पहिला आलेला मिस्त्री म्हणाला, "चारी बाजूंची फरशी काढू, सगळी लाइन नवी टाकू." असा माणूस भेटला तर चातुर्मासच काय, बाराही महिने नको म्हणा. आधी शोधायचं, मग खणायचं.

शोधणं फार अवघड नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पंप बंद ठेवून तीच बादली ठेवली. तलाव बादलीपेक्षा जेमतेम जास्त उतरला. म्हणजे पंप चालू असतानाच पाणी जातंय, तेव्हा दोष फिल्टरकडून तलावात परत येणाऱ्या लाइनीत. (पाणी परत येतं तिथं बुडबुडे दिसत असतील तर पंपाकडे जाणारी लाइन हवा ओढतेय, तिकडे बघा.) मग दुसऱ्या मिस्त्रीनं एकेका लाइनीची दोन्ही तोंडं बुचांनी बंद करून दाब दिला. तीन लाइनींवर काटा हलला नाही, चौथीवर झरझर खाली आला. कानाला लावायच्या यंत्रानं जमिनीतली सळसळ ऐकत त्यानं फरशीच्या कडेला जागा दाखवली. तलाव रिकामा केला नाही, आणि तुम्हीही पावसाळ्यात करू नका. जमिनीत पाणी भरलेलं असताना रिकाम्या तलावाला ते खालून वर ढकलतं, तडे जातात.

खड्डा दोन फूट बाय दोन फूट. खाली एल्बोचा जोड तडकलेला. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, दरवर्षी पाइप ओढला जातो. वरून चिकटपट्टी नको म्हणून मी हट्ट धरला: तेवढा तुकडा कापून नवा एल्बो, सोल्युशन नीट वाळू दिलं, माती लोटण्याआधी पुन्हा दाब दिला, पाइपखाली वाळू घातली. घमेल्यात आलेली गांडुळं मी पेरूच्या बुंध्याशी ओलीत नेऊन सोडली.

पुढच्या उघडिपीत परत बादली ठेवली. सकाळी चुलत सासूबाई स्वतः चष्मा लावून खुणा बघायला आल्या. आत 4, बाहेर 4.

"मग हे वैशाखातच का नाही केलंस?" म्हणाल्या.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वैशाखात नळी मीच सोडत होते.