रायवळ आंब्याची परीक्षा

साष्टींत जोगेश्वरीपासून बोरिवलीपर्यंत वाड्या मोडून इमारती उठल्या. त्यांत कित्येक रायवळ आंबे तुटले. कलम हें मातृवृक्षाचेंच रूप. बाठ्यापासून वाढलेलें झाड बहुधा निराळें. तें किती निराळें, हें नांवावरून ठरत नाहीं. पानांतील डीएनएच्या खुणा तपासल्यास फळाची वाट न पाहतां कळतें.

हा केवळ पंडितांचा छंद नव्हे. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानें १९८१ सालीं दिलेला ‘रत्ना’ नीलम व हापूस यांचा संकर. हापुसांतील साका त्यांत नाहीं. असा उपकारक जनक आमच्या रायवळांत नसेलच कशावरून?

मात्र तपासणी होऊन झाड तुटलें, तर कागद तेवढा उरेल. म्हणून पानें प्रयोगशाळेकडे धाडण्यापूर्वींच बागाइतदारांनीं काड्या घेऊन प्रत्येक झाडाचीं निदान दोन कलमें बांधावींत, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.