न जुळणारा हिशोब

तेरीज जुळत नाही आणि फरक अवघ्या काही पैशांचा निघतो, तेव्हा मुनिमासमोर दोन मार्ग असतात. रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून पुढे जावे, अथवा रोजकीर्द पुन्हा उघडून एकेक नोंद तपासावी. फरक लहान म्हणून चूकही लहानच असेल असे अनुभवी मुनीम मानत नाही. दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून वर केवळ पैशांचा फरक ठेवतात, हे त्याने पाहिलेले असते. भौतिकशास्त्राच्या वहीतही असाच एक बारीकसा फरक सुमारे तीस वर्षे सस्पेन्स खात्यात पडून होता. तो कसा उलगडत गेला, याची ही हकिगत.

काही धातू अतिशय थंड केले असता विजेला होणारा त्यांचा विरोध पूर्णपणे नाहीसा होतो. हॉलंडमधील लायडन येथे 1911 साली प्रथम दिसून आलेल्या या गुणधर्माला अतिसंवाहकता म्हणतात. पुढे 1962 साली केंब्रिजमधील बावीस वर्षांच्या ब्रायन जोसेफसन या विद्यार्थ्याने गणिताने दाखविले की, दोन अतिसंवाहकांमध्ये अत्यंत पातळ विद्युतरोधक थर असला तरी त्यातून दाबाविना वीज वाहू शकते. या सिद्धान्ताच्या आधारे 1964 साली अमेरिकेत, तेही फोर्ड या मोटार कंपनीच्या संशोधनशाळेत, ‘स्क्विड’ हे उपकरण तयार झाले. असे दोन पातळ थर मध्ये असलेले अतिसंवाहक धातूचे इवलेसे कडे, एवढेच त्याचे स्वरूप. परंतु कड्यातून जाणाऱ्या चुंबकीय प्रवाहातील सूक्ष्मातिसूक्ष्म बदल ते टिपते. मेंदूतील विद्युत्क्रियेमुळे डोक्याबाहेर उमटणारे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा सुमारे 50 कोटी पटींनी क्षीण असते. ते 1972 साली डेव्हिड कोहेन यांनी स्क्विडच्या साहाय्याने मोजून दाखविले.

इतका नाजूक काटा पूर्ण स्थिर राहील, ही अपेक्षा मात्र फोल ठरली. बाहेरचे सर्व चुंबकीय प्रभाव अडविले, तापमान निरपेक्ष शून्यापासून अंशाच्या काही भागांपर्यंत खाली नेले, तरी कड्यातील चुंबकीय प्रवाह स्वतःहून मंद गतीने हेलकावे खात राही. या हेलकाव्यांचा स्वभाव विचित्र होता. सामान्य गोंगाट दीर्घकाळ मोजून सरासरी काढली की कमी होतो. येथे तसे घडत नसे. कंपन जितके संथ, तितका त्याचा जोर अधिक. म्हणून जितका वेळ थांबावे, तितके मोठे विचलन समोर येई.

कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात फ्रेडरिक वेलस्टूड, क्रिस्तियान उर्बिना आणि जॉन क्लार्क यांनी 1987 साली या हेलकाव्यांची पद्धतशीर मोजदाद केली. त्यांनी निरनिराळ्या धातूंची, निरनिराळ्या आकारांची कडी तपासली. कच्चा माल बदलला, घडण बदलली, तरी गोंगाटाची पातळी जवळपास तीच राहिली. दुकान बदलले, कारकून बदलला, तरी तफावत तेवढीच निघावी, तसा हा प्रकार होता. धातू वा घडण बदलून जो दोष हटत नाही, त्याचे मूळ सर्व कड्यांना समान असलेल्या कशात तरी असणार, एवढे स्पष्ट झाले; पण ते ‘काय’, हे सांगता येईना.

मेंदूच्या मोजमापापुरता हा दोष सहन करता येत होता. क्वांटम संगणकाचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा मात्र तो जिव्हारी लागला. अशा संगणकातील अनेक ‘क्युबिट’ याच जातीच्या अतिसंवाहक कड्यांनी जुळविले जातात. कड्यातील चुंबकीय प्रवाह किंचित सरकला की क्युबिटची लय बदलते आणि त्यात साठविलेली माहिती विसकटते. त्यामुळे जुनी नोंद पुन्हा उघडणे भाग पडले.

पहिला ठोस धागा 2008 साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील रॉबर्ट मॅकडर्मट यांच्या गटाला मिळाला. तापमान उतरत जाई तसा कड्यातील चुंबकीय प्रवाह ज्या रीतीने बदले, ती रीत सुट्या, जोडीविना राहिलेल्या इलेक्ट्रॉनांची होती. असा प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक अतिसूक्ष्म चुंबकच. हे चुंबक धातूच्या आत नव्हे, तर पृष्ठभागावर होते, आणि एका चौरस मिलिमीटरवर त्यांची संख्या सुमारे 500 अब्ज भरत होती. त्यांच्या दिशा सतत उलटसुलट होत, आणि त्या असंख्य लहान पलट्यांची बेरीज म्हणजेच तो हेलकावा.

पण हे चुंबक आले कोठून? अमेरिका व चीनमधील संशोधकांनी 2015 साली गणिताने सुचविलेले उत्तर अनपेक्षित होते : हवेतील प्राणवायू. हवेत सर्वाधिक असलेल्या नायट्रोजनच्या रेणूत सर्व इलेक्ट्रॉन जोडीने असतात. प्राणवायूच्या रेणूत मात्र दोन इलेक्ट्रॉन जोडीविना राहतात, म्हणून तो स्वभावतःच चुंबकीय असतो. तो पृष्ठभागाला चिकटतो आणि थंडीत तेथेच राहतो. मॅकडर्मट यांच्या गटाने शिकागोजवळील आर्गोन प्रयोगशाळेतील क्ष-किरणांनी पृष्ठभाग तपासून 2016 साली प्राणवायूची खूण प्रत्यक्ष दाखविली.

निदान बरोबर असेल तर उपायाने गुण यायला हवा. त्यांनी उपकरण अधिक कडक निर्वातात ठेवले. काही प्रयोगांत अतिनील किरणांनी चिकटलेले रेणू सोडविले, तर काहींत अमोनिया आत सोडला. अमोनिया चुंबकीय नाही आणि पृष्ठभागाला प्राणवायूपेक्षा घट्ट धरतो. त्याने जागा आधीच अडविल्या की प्राणवायूला बसायला ठाव उरत नाही. गोंगाट लक्षणीय उतरला. पूर्ण मिटला मात्र नाही. ब्रिटन व स्वीडनमधील संशोधकांना 2017 साली अशाच पृष्ठभागावर सुटे हायड्रोजन अणूही आढळले. म्हणजे नोंद एकाच नावावर बंद करता येत नाही.

या हकिगतीतील जॉन क्लार्क यांना 2025 साली मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांच्यासह भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते अतिसंवाहक मंडलांवरील त्यांच्या आधीच्या कामासाठी होते. त्याच कामाच्या पायावर आजचे क्युबिट उभे आहेत. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशा क्युबिटांवर काम चालते.

सर्वांत शुद्ध धातू निवडले, सर्वांत थंड यंत्रे बांधली, आणि दोष निघाला तो रोजच्या श्वासातल्या हवेत. बर्कलीच्या संशोधकांना 1987 साली कारण सांगता आले नाही. परंतु फरक किती, कोणत्या तापमानाला, कोणत्या कड्यात, हे त्यांनी नेमके लिहून ठेवले आणि तो फरक क्षुल्लक म्हणून खोडला नाही. वीस वर्षांनी पुढच्यांनी वही उघडली, तेव्हा नोंद जागेवर होती.