शुश्रूषा करूं पाहणाऱ्यांचें आरोग्य

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे वरच्या वर्गांतील मुलामुलींना ‘पुढें कोण होणार?’ हा प्रश्न घरोघर विचारला जातो. आमच्या शाळेसारख्या, सेवाधर्माचे धडे रोजच्या प्रार्थनेंत ऐकविणाऱ्या शाळांतून ‘मी डॉक्टर होणार’, ‘मी नर्स होणार’ असें उत्तर पुष्कळ वेळां मिळतें, आणि तें ऐकून आईबापांस धन्यता वाटते. हें योग्यच आहे. परंतु प्रवेशपरीक्षेचे गुण, फी व वसतिगृह यांची चिंता वाहतांना एका गोष्टीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. जो दुसऱ्याच्या दुखण्याशीं रात्रंदिवस झुंजणार, त्याच्या स्वतःच्या प्रकृतीची व्यवस्था काय? प्रवेशाच्या वेळीं प्रकृति निकोप असल्याचा दाखला मागतात. तो ओळखीच्या डॉक्टरकडून पांच मिनिटांत लिहून आणला कीं आपण सुटलों, असें पालकांस वाटतें. आणि पुष्कळदां दाखला फाइलींत लागला कीं कॉलेजहि सुटतें. आमच्या मतें ही मोठी चूक असून तिचें प्रायश्चित्त मुलांना भोगावें लागतें.

रुग्णालय हें जसें रोगमुक्तीचें स्थान, तसेंच तें रोगांचें माहेरघरहि आहे. तेथें शिकणारा विद्यार्थी रक्त, थुंकी व जखमा यांच्या सान्निध्यांत वावरतो. आणि हात अजून सरावलेला नसल्यामुळें सुई टोंचण्याचा धोका त्याला अधिक. हिपॅटायटिस बी या यकृताच्या रोगाचे जंतु अशाच एखाद्या टोंचणीनें शरीरांत शिरतात. यावर उत्तम लस आहे. मात्र तिच्या तीन मात्रा लागतात. पहिलीनंतर एका महिन्यानें दुसरी व सहा महिन्यांनीं तिसरी. शेवटच्या मात्रेनंतर एकदोन महिन्यांनीं रक्त तपासून शरीरांत संरक्षण निर्माण झालें कीं नाहीं हें पाहावें लागतें, कारण कांहींच्या शरीरावर पहिल्या फेरींत तिचा परिणाम होत नाहीं. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमांत ही लस देशभर लागू झाली ती २०११ सालीं. म्हणजे आज कॉलेजच्या दारांत उभ्या असलेल्या पुष्कळ मुलामुलींना ती बाळपणीं मिळालीच असेल, अशी खात्री देतां येत नाहीं. प्रवेश मिळाल्यावर धांवपळ करण्याऐवजीं बारावीच्या वर्षांतच हें काम आटोपून घ्यावें, हें शहाणपणाचें. गोंवर व कांजिण्या यांविषयींहि तसेंच. त्या बाळपणीं येऊन गेल्या होत्या कीं नाहीं, लस टोंचली होती कीं नाहीं, हें आईच्या स्मरणावर सोडूं नये. लसीकरणाचें कार्ड शोधून ठेवावें.

क्षयाची गोष्ट निराळी आहे. बाळपणीं टोंचलेली बी. सी. जी. लस मोठेपणीं फुप्फुसाच्या क्षयापासून भरंवशाचें संरक्षण देत नाहीं. आपल्या देशांत क्षयाचे रोगी फार. तेव्हां वॉर्डांत काम करणाऱ्या विद्यार्थ्यास त्याचा संसर्ग होणें आश्चर्याचें नाहीं. येथें डॉक्टर आनंदीबाई जोशी यांची आठवण कोणास होणार नाहीं? १८८३ सालीं ही अठरा वर्षांची मुलगी, प्रकृति नाजुक असतां, समुद्रापार गेली. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांतून तिनें पदवी घेतली. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील स्त्रीविभागाची जागा तिची वाट पाहत होती. परंतु तेथील थंडीनें व न मानवणाऱ्या अन्नानें आधींच खंगलेल्या तिच्या शरीरास क्षयानें ग्रासलें, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास तिचा अंत झाला. वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. क्षयाचा जंतु कॉख या शास्त्रज्ञानें १८८२ सालींच दाखविला होता, तरी त्यावर औषध कोणापाशींच नव्हतें. म्हणून त्याबद्दल कोणास दोष देतां येत नाहीं. आज औषध आहे, तपासणी आहे, वेळेवर ओळखल्यास क्षय बरा होतो. अशा काळीं जर एखादी विद्यार्थिनी वसतिगृहांत तीन तीन आठवडे खोकत राहिली आणि कोणीं तिची विचारपूस केली नाहीं, तर तो दोष मात्र आपला होय.

ती खोकला लपविते कां, याचा विचार केला पाहिजे. वर्ष बुडेल, नांव कमी होईल, घरीं परत पाठवितील, ही एक भीति. मुलगी असेल तर पुढें लग्नाच्या वेळीं बोभाटा होईल, ही दुसरी. फेंफरें, मधुमेह, दमा, मनाचें दुखणें, या सर्वांच्या बाबतींत पुष्कळ घरांतून हाच उपदेश होतो कीं, ‘दाखल्यांत लिहूं नको.’ पालकांचा हेतु वाईट नसतो. परंतु लपविलेलें दुखणें रात्रपाळीच्या वेळीं उघडें पडतें, आणि तेव्हां विद्यार्थी व रोगी दोघेहि संकटांत सांपडतात. आमचें म्हणणें असें कीं, खरें बोलणाऱ्यास शिक्षा होते तोंवर खरें बोला असा उपदेश व्यर्थ आहे. आरोग्याची अट ही विद्यार्थ्यांना गाळण्याची चाळण नसावी. प्रत्येकाला काय जपावें लागेल हें समजून घेण्याचें तें साधन असावें.

व्यंग असलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतींत तर हें विशेष लक्षांत ठेविलें पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयांतून वर गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणीं १५ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, व्यंगाचें प्रमाण शेंकडा ४० वा अधिक भरलें एवढ्याच कारणावरून एम. बी. बी. एस. चा प्रवेश नाकारतां येत नाहीं. तो विद्यार्थी हा अभ्यासक्रम पुरा करूं शकेल कीं नाहीं, हें तपासणी मंडळानें प्रत्यक्ष पाहिलें पाहिजे. हा न्याय नवा वाटला तरी त्याचें उदाहरण जुनें आहे. वेल्लूर येथें डॉक्टर आयडा स्कडर यांनीं १९१८ सालीं स्त्रियांसाठीं वैद्यकीय शाळा काढली. तिच्याच पुढें वाढलेल्या कॉलेजांतील डॉक्टर मेरी व्हर्गीस यांस १९५४ सालीं मोटारीचा अपघात होऊन त्यांचें कमरेखालील शरीर लुळें पडलें. कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर पॉल ब्रँड यांनीं त्यांस धीर दिला, नवी विद्या शिकविली. आणि चाकांच्या खुर्चींत बसून त्या कुष्ठरोग्यांचे वांकडे हात सरळ करूं लागल्या. पुढें अपंगांच्या पुनर्वसनाचा विभागच त्यांनीं वेल्लूर येथें उभारला. त्या वेळीं कोणीं नुसता प्रकृतीचा दाखला मागितला असता, तर शेंकडों रोगी एका कुशल हाताला मुकले असते.

शरीराबरोबर मनहि आलेंच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें नेमलेल्या कार्यदलाचा अहवाल २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यासाठीं केलेल्या पाहणींत उत्तरें देणाऱ्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा २७.८ जणांनीं आपणांस मानसिक विकाराचें निदान झालेलें असल्याचें सांगितलें. हा आकडा पाहून मुलें दुबळीं झालीं असें म्हणणें सोपें आहे. परंतु घर सोडून आलेलें अठरा वर्षांचें मूल एकाच वेळीं परभाषेंतील जाड पुस्तकें, पहिलाच मृत्यु व अपुरी झोंप यांस तोंड देत असतें, हें विसरूं नये. मन मोकळें करावयास त्याला कोणी तरी हवें. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य चालते. मुलांच्या बॅगेंत धोतरजोडी-चादरीबरोबर हा क्रमांकहि पालकांनीं लिहून द्यावा.

कॉलेजांचें कर्तव्य काय, हें कायद्यानेंहि अंशतः ठरविलेलें आहे. २०१७ सालच्या एच. आय. व्ही. व एड्सविषयक कायद्यानें रुग्णसेवा करणाऱ्या संस्थांवर असें बंधन घातलें आहे कीं, रक्ताशीं संबंध येणाऱ्या सर्वांस संरक्षणाचीं साधनें, त्यांच्या वापराचें शिक्षण व अपघात झाल्यास प्रतिबंधक औषध दिलें पाहिजे. हें औषध शक्य तों दोन तासांच्या आंत, आणि फार तर ७२ तासांच्या आंत सुरू व्हावें लागतें. म्हणून सुई टोंचल्यावर रात्रीं दोन वाजतां कोणाकडे जावें, हें पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासहि पहिल्याच दिवशीं ठाऊक असलें पाहिजे. त्याच कायद्यानें शिक्षणासाठीं एच. आय. व्ही. ची तपासणी सक्तीची करण्यास मनाई केली आहे, हेंहि पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

कोणी म्हणेल, सेवेच्या मार्गांत त्याग आलाच. मग एवढे लाड कशाला? त्यागाचें मोल आम्हीं जाणतों. परंतु त्याग हा ज्याचा त्यानें करावयाचा असतो. दुसऱ्याच्या हयगयीनें घडलेल्या हानीस त्याग म्हणणें हा शब्दाचा अपमान आहे. शुभवर्तमानांतील त्या दयाळु शोमरोन्यानेंहि जखमी वाटसरूस नुसता धीर दिला नाहीं. तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेंत पोंचविलें आणि पुढील खर्चासाठीं पदरचे पैसे मोजून दिले. काळजी घेणें म्हणजे खर्च करणें, हें तो जाणत होता. तसेंच लसीचा, तपासणीचा व आजारांतील विश्रांतीचा भार संस्थेनें उचलला पाहिजे, निदान गरीब विद्यार्थ्यांपुरता तरी.

तेव्हां पालकहो, कॉलेज निवडतांना निकालाबरोबर एवढें विचारा: येथें लस कोण देतें? मुलगा आजारी पडल्यास हजेरीचें काय होतें? टोंचल्यावर औषध कोठें मिळतें? आणि त्याचें मन ऐकून घेणारें कोण आहे? विद्यार्थीमित्रहो, तुम्ही आपल्या दुखण्याविषयीं खरें सांगा, लसी वेळेवर घ्या, झोंप व जेवण यांस कमी लेखूं नका. जो स्वतःच्या खोकल्याची दाद घेत नाहीं, तो रोग्याच्या खोकल्याची दाद काय घेणार? आनंदीबाईंस जें मिळालें नाहीं तें तुम्हांस मिळण्याजोगें आहे; तें मागून घेण्यांत लाज नाहीं.