बारा बरगड्यांची बाराखडी

छातीचे क्ष-किरण चित्र वाचण्याचा श्रीगणेशा रोग शोधण्यापासून होत नाही. तो बरगड्या मोजण्यापासून होतो. हे काम क्षुल्लक वाटते आणि म्हणूनच त्याची उपेक्षा होते. आता तर चित्रावर संशयाची खूण करून देणारे संगणक आले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयतपासणीसाठी अशा वाचनाची शिफारस केली. मग नवशिक्या डॉक्टराने बरगड्या कशासाठी मोजावयाच्या, असे कोणी विचारील. मुंबईच्या उपनगरांनी तरी हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये.

माणसाला बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. चित्रात त्यांची पाठीकडील बाजू ठळक आणि जवळजवळ आडवी दिसते. पुढील बाजू तिरपी खाली उतरते आणि मध्येच संपल्यासारखी वाटते. कारण टोकाची कूर्चा सहसा चित्रात उमटत नाही. या जाळीत नवखा वाट चुकतो. उपाय एकच. गळ्याखालच्या हाडाच्या आतल्या टोकापाशी आखूड, वळणदार अशी पहिली बरगडी हेरावी, तिचा माग मागे कण्यापर्यंत काढावा आणि तेथून एकेक मोजत खाली यावे.

या मोजणीने पहिल्याने कळतो तो रुग्णाचा श्वास. तो पुरेसा खोल घेतला असेल, तर श्वासपटलाच्या वर पाठीकडील नऊ-दहा बरगड्या मोजता येतात. सातच भरल्या तर हृदय उगाच मोठे भासते, फुप्फुसाचा तळ गढूळ दिसतो आणि धडधाकट माणूस रोगी ठरू शकतो. दुसरे म्हणजे, रोगाचा पत्ता कळतो. प्रौढांचा क्षय बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात घर करतो. नेमकी तेथेच हाडांची गर्दी असते. पहिल्या बरगडीच्या कूर्चेत वयोमानाने साठलेला चुना रोगाची गाठ वाटू शकतो. उलट खरा डाग हाडाआड दडून राहतो.

ही चूक येथे महाग पडते. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयामुळे २०१२ मध्ये मुंबईचे नाव जगभर गाजले. घाटकोपर-अंधेरीच्या दाट वस्तीत एका खोलीत सहा-सात माणसे राहतात. तेथे एक डाग नजरेतून निसटला, तर सारे घर धोक्यात येते. नसलेला डाग दिसला, तर रोजंदारीवरचा माणूस कामाला आणि मन:स्वास्थ्याला मुकतो.

यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयविरोधी मोहिमेत हातात मावणारी क्ष-किरण यंत्रे लोकांच्या दारापर्यंत गेली, हे स्वागतार्हच होय. जेथे तज्ज्ञ पोहोचत नाही, तेथे संगणकाची खूण निश्चित मोलाची. परंतु ती खूण म्हणजे संशय, निदान नव्हे. निदानासाठी थुंकीची तपासणी लागते आणि खाली सही डॉक्टराची असते. दोन बरगड्या एकमेकींना छेदतात तेथे यंत्राने बोट ठेवले, तर ‘ही केवळ हाडांची सावली’ किंवा ‘हा खरा डाग’ असे सांगण्याची धमक सही करणाऱ्यापाशी हवी. ती यंत्राकडून उसनी मिळत नाही.

कूपर रुग्णालयाला जोडून महापालिकेने २०१५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. राजावाडीसारखी रुग्णालये उपनगरांचा भार वाहतात. अशा ठिकाणी दोन साधे नियम करावेत. नव्या डॉक्टराने यंत्राची खूण झाकून चित्र आधी स्वतः वाचावे. आणि प्रत्येक अहवालात किती बरगड्या मोजल्या व डाग कितव्या बरगडीपाशी आहे, हे लिहावे. सहा महिन्यांनी तोच रुग्ण परत आला, तर ‘डाग निवळला’ या शब्दांना तेव्हाच अर्थ येईल. यासाठी निविदा काढावी लागत नाही, की मंत्र्याच्या हस्ते उद्घाटन करावे लागत नाही. वरिष्ठाने रोज थोडा वेळ शेजारी बसले की पुरे. बाराखडी न गिरवता पोथी वाचणाऱ्यावर कोणी विश्वास टाकीत नाही; छातीच्या चित्राची पोथी तर दुसऱ्याच्या जिवाची असते.